डिकीतली खरखर

निंबा मिस्तरीला काही वाजलेलं खपत नसे, आणि या जगात काही ना काही वाजतच असतं. एवढ्या एका वाक्यात त्याची हकिगत संपली असती. पण माणसाला बायको होती, दोन पोरी होत्या आणि पोट होतं, म्हणून पुढचं सांगावं लागतं.

वाजणं म्हणजे गाणं नव्हे. गाण्याचं त्याला फारसं कौतुक नव्हतं. पंख्याचं सैल पातं, पत्र्याचा निघालेला खिळा, सायकलचं मडगार्ड, लग्नाच्या मांडवात उलट्या वायरी जोडलेला कर्णा, हे त्याला ऐकू यायचं. शेजारच्याला यायचं नाही. शेजारचा जेवत राहायचा आणि निंबा ताटावरून उठून खांबावर चढायचा. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा गृहस्थ पक्कड घेऊन मांडवाच्या बल्लीवर बसला होता. अक्षता वरून पडल्या त्या त्याच्याच हातच्या. मेव्हणा यादव भला माणूस, म्हणून नातं टिकलं.

हात मात्र सोन्याचे. अमळनेरला रेडिओ दुरुस्ती, धरणगावला पाण्याच्या मोटारींची जळालेली वाइंडिंग भरणं, जळगावला एका बॅन्डवाल्याचे भोंगे, आणखी कुठे कुठे काय काय. सोळा वर्षांत अकरा ठिकाणं झाली. काम येत नाही म्हणून त्याला कोणी काढलं नाही. काम हातातून सुटत नाही म्हणून काढलं. गिऱ्हाईक खूश होऊन निघालं की मिस्तरीचा चेहरा पडायचा, की अजून थोडं राहिलंय. मग तो गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन धडकायचा, चांगला चालणारा रेडिओ पुन्हा उघडायचा, त्यात भांडण व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोत सामान चढायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे खरं, पण विंचवाच्या पोरींना शाळा बदलावी लागत नाही.

सत्त्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याची बायको मंजुळाबाई रीतीप्रमाणे माहेरी पाचोऱ्याला गेली. आखाजीला साऱ्याच लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गौराईची गाणी म्हणतात आणि सण झाला की सासरची वाट धरतात. मंजुळाबाईनं वाट धरली नाही. निंबा घ्यायला गेला तेव्हा ती ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. मान वर न करता तिनं परत यायची अट सांगितली, "बारावं घर मी मांडाव नही. एक वरीस एकच जागावर बठी दखाडा. पुढली आखाजी व्हयनी का मी ईसू."

ती ओरडली असती तर निंबानं चार शब्द परत दिले असते. ती शांतपणे बोलली, म्हणून तो घाबरला.

यादवचं धुळ्याला आग्रा रोडवर गाड्यांच्या सीट कव्हरांचं दुकान होतं. बहिणीसाठी त्यानं पुढची अर्धी जागा दाजींना दिली. तो काळ गाड्यांत टेप बसवण्याचा होता, काम भरपूर होतं. यादवची अट एकच होती. "गिऱ्हाईक हासत ग्या, का ग्या. त्याना मांगे पळानं नही."

निंबानं ते वर्ष कसं काढलं ते त्याचं त्याला माहीत. एखादी गाडी निघून जायची, तिच्या दाराचा स्पीकर एक स्क्रू कमी आवळलेला आहे असं त्याला वाटायचं, आणि मग दुपारची भाकरी तशीच राहायची. तो दुकानाच्या मागच्या बोळात फेऱ्या मारायचा. यादव म्हणायचा, दाजींनी या बोळात एवढं अंतर तोडलं की सरळ चालले असते तर काशी झाली असती. पण निंबा कोणाच्या मागे गेला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. पाचोऱ्याहून पोरींची पत्रं येऊ लागली, त्यात धुळ्याची शाळा कशी आहे, असं विचारलेलं असायचं. त्याला त्या तिघी हव्या होत्या, दुसरं काही नको होतं.

आखाजीला सहा दिवस उरले असताना पारोळ्याचे चुडामण आबा आले. मोठे कापूसवाले शेतकरी. मुलाच्या लग्नासाठी नवी पांढरी गाडी घेतलेली, लग्न ऐन आखाजीचं. गाडीत कंपनीचाच स्टिरिओ होता.

"मिस्तरी, गाडी येवढी मोठी अन् आवाज ट्रान्झिस्टरना," आबा म्हणाले. "पोऱ्या सुरतले ऐकी उना. छातीमा बठी असा आवाज पाहिजे म्हणस. पन कंपनीना टेप काढानं नही, गॅरंटी जास."

निंबाचे डोळे चमकले. असं काम वर्षातून एकदा यायचं. कंपनीचा स्टिरिओ जागच्या जागी ठेवून डिकीत सबवूफर बसवायचा, म्हणजे फक्त ढोल आणि खालच्या पट्टीचा आवाज काढणारा बारा इंची स्पीकर, आणि त्याला ताकद द्यायला वेगळा ॲम्प्लिफायर. मागच्या स्पीकरांच्या वायरी जेमतेम मूठ मावेल एवढ्या जागेत हात घालून शोधायच्या, त्यांतून आवाज चोरून घ्यायचा, बॅटरीपासून जाड लाल वायर फ्यूज लावून गालिच्याखालून डिकीपर्यंत न्यायची, आणि अर्थिंगची वायर आवळण्याआधी तिथला रंग पत्र्यापर्यंत खरडायचा. रंगावर आवळली की इंजिन चालू झाल्याबरोबर स्पीकर कण्हतो. हे सगळं निंबाला डोळे मिटून येत होतं.

जाड प्लायवूडची पेटी त्यानं सुतारासमोर उभं राहून करून घेतली. फटी सरसानं भरल्या. आता पेटीच्या पोटात मऊ काहीतरी भरायचं, म्हणजे आवाज आतल्या आत आपटत नाही. मुंबईच्या पेट्यांत पांढरा धागा येतो, तो धुळ्यात मिळेना. निंबा म्हणाला, गादीवाल्याकडून कापूस आणतो. आबांना ते लागलं.

"बजारना कसाले? मना वावरना कापूस शे घरमा. लगीनना वातीस्करता बायास्नी सरकी काढीसन ठेयेल शे. मना पोऱ्यानी गाडी, अन् तिनामा दुसराना कापूस भरू?"

दुसऱ्या दिवशी पिशवी आली. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा कापूस. खानदेशात कापसाला नाव ठेवायचं म्हणजे माणसाच्या आईला नाव ठेवण्यासारखं. निंबानं वरवर हात फिरवला, वा म्हणाला आणि पेटीत भरला. चाळीस स्क्रू मारून पेटी बंद केली. गादीवाल्याचा कापूस असता तर त्यानं चिमूट चिमूट पिंजून बघितला असता. आबांच्या घरचा होता म्हणून बघितला नाही.

चाचणी झाली. आबा मागच्या सीटवर बसले, ढोल वाजला आणि त्यांच्या धोतराचा सोगा थरथरला. आबा हसले. "हां. आते गाडी वाटस."

गिऱ्हाईक हसत गेलं. गाडी दुकानासमोरून निघाली, कोपऱ्यावरच्या खड्ड्यात गचकली, आणि त्या गचक्याबरोबर निंबाला ऐकू आलं. खर्र. एकदाच. मग गाडी वळली.

इथून पुढचे तीन दिवस निंबा माणसात नव्हता. नंबर प्लेट असेल. प्लेटखाली रबर घातलं होतं ना? घातलं होतं. मग स्टेपनीचा नट असेल. जॅक असेल. की ऐकूच आलं नव्हतं? यादवला विचारलं तर तो म्हणाला, रस्त्यावर शंभर वाहनं आहेत, दाजी, त्यातलं काहीतरी वाजलं असेल. निंबानं मान डोलावली आणि बोळात गेला. वासराच्या कानात वारं शिरावं तसं त्याचं झालं होतं. त्याला रडूच यायचं बाकी होतं, कारण आपण काय करणार आहोत ते त्याला आतून कळत होतं.

आखाजीच्या दिवशी यादव सकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला गेला. सण तिकडेच करायचा आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला, पोरींना घेऊन यायचं, असं ठरलं होतं. जाताना किल्ली निंबाच्या हातात देऊन म्हणाला, "आजना दिन बठा, दाजी. उद्या तुमनं घर भरस."

निंबा बसला. नऊ वाजले, दहा वाजले. साडेदहाला त्याच्या मनात आलं, गोरज मुहूर्ताचं लग्न, चार वाजता वरात, नवरदेव त्या गाडीत बसणार, सारा पारोळा ऐकणार आणि ती खरखर निंबा मिस्तरीच्या नावावर जाणार. तासाभराचा तर रस्ता. संध्याकाळी परत. कोणाला कळतंय? अकरा वाजता त्यानं शटर ओढलं, कुठे निघालात म्हणून विचारणाऱ्या शेजारच्या टायरवाल्याला पारोळ्याची गाडी सांगितली आणि एसटी पकडली.

पारोळ्यात आबांच्या दारात मांडव, पंगत, धावपळ. निंबाला पाहून आबांना आनंद झाला.

"ये मिस्तरी. जेवाले उना ना?"

"आबा, डिकीनी चावी द्या."

"कसाले?"

"खरखर शे."

"माले तर काहीच ऐकू येत नही."

"माले येस," निंबा म्हणाला.

आबांनी हसून त्याला पंगतीत बसवलं आणि चावी काही दिली नाही. शुभकार्यात सजवलेली गाडी कोण उघडू देईल? निंबानं दोन घास खाल्ले. मग चार वाजता वरात निघाली. पुढे बॅन्ड, मध्ये बाया, मागे फुलांनी मढलेली गाडी. गावातल्या किल्ल्याजवळ बॅन्डवाले दम खायला थांबले आणि नवरदेवाच्या मित्रानं स्टिरिओ मोठा केला. ढोल घुमला. सगळे नाचायला लागले, आणि निंबा गाडीच्या मागे पळत जाऊन डिकीवर कान लावून उभा राहिला. होती. प्रत्येक ठोक्याला होती.

तो सरळ ड्रायव्हरकडे गेला आणि त्यानं चावी काढून घेतली. एवढं धाडस त्यानं मंजुळाबाईसाठी केलं असतं तर संसार कधीच सुधारला असता.

पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन पारोळ्यात अजून होतं. नंबर प्लेट निघाली, जॅक निघाला, स्टेपनी रस्त्यावर घरंगळली. खरखर जाईना. नवरदेव घामाघूम. मुलीकडून दोनदा माणूस येऊन गेला की मुहूर्त जातोय. शेवटी निंबानं चाळीस स्क्रू काढले, स्पीकर उचलला आणि आत हात घातला. बोटांना काहीतरी टणक लागलं. कापसात सरकी होती. रस्त्याच्या धक्क्यांनी बिया सुटून तळाशी आल्या होत्या आणि ढोलाबरोबर नाचत होत्या.

"चूक मनी शे," निंबा सर्वांसमोर म्हणाला. "मी कापूस दखा नही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या चुकीचा कोणाला पत्ता नव्हता, ती त्यानं बॅन्डसकट वरातीला दाखवली.

आबांची बहीण भिकुबाई पुढे आली. "मनी काढेल कापूसमा सरकी? जलम ग्या मना वाती करामा." तिनं त्याच्या हातातून कापूस ओढून घेतला, चोळला आणि तिच्याही बोटांना सरकी लागली. मग तिनं पदर खोचला, रस्त्याच्या कडेला बसली आणि बायांना हाक मारली. वरातीतल्या दहाबारा बाया, जरीच्या साड्यांत, किल्ल्यासमोर धुळीत बसून सरकी काढायला लागल्या. बोटं झरझर चालत होती. एकीनं गाणं धरलं, दुसऱ्यांनी ओढलं. बॅन्डवाले बिड्या ओढत बघत राहिले. सतरा बिया निघाल्या. कापूस परत भरला, पेटी बंद झाली, ढोल वाजला. स्वच्छ.

मुहूर्त कसाबसा साधला. निंबा खंदकाजवळच्या दगडावर बसला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याला छातीत रिकामं, गार वाटलं. ते एक रात्रच टिकलं.

कारण दुपारीच यादवनं पाचोऱ्याहून शेजारच्या टायरवाल्याकडे फोन केला होता, उद्या सकाळच्या गाडीनं येतो म्हणून सांगायला. टायरवाल्यानं खरं ते सांगितलं. शटर अकरापासून खाली आहे, मिस्तरी कुठल्यातरी गाडीच्या मागे पारोळ्याला गेले. मंजुळाबाई शेजारीच उभी होती. दुसऱ्या दिवशी यादव एकटा आला. तो रागावला नाही, दुकानातूनही काढलं नाही. बहिणीनं बांधलेलं बोचकं पुन्हा सोडलं, एवढं सांगून तो कामाला लागला. निंबा त्या दिवशी बोळातही गेला नाही. फेऱ्या मारायच्या कशासाठी, हेच त्याला कळेनासं झालं होतं.

पंधरा दिवसांनी चुडामण आबांची गाडी दुकानासमोर उभी राहिली. आबा उतरले ते ओळखू येईनात. डोळे ओढलेले, दाढी वाढलेली.

"खरखर शे," ते म्हणाले.

निंबा डिकीत शिरला. सगळ्या पट्ट्या वाजवून पाहिल्या, हात ठेवून पाहिला, कान लावून पाहिला. काहीही नव्हतं. त्याच्या कानांना नव्हतं, म्हणजे नव्हतंच. त्यानं तसं सांगितलं.

"शे," आबा म्हणाले. "तुन्ही माले काय लाई दिन्हं रे? पह्यले माले काहीच ऐकू ये नही. मजाना माणूस व्हतू मी. तू त्या दिन सतरा बिया दखाड्यात, तवपशी बठ्ठं वाजस. पंखा वाजस, खाट वाजस, नवी सूनना बांगड्या वाजतस. घरमा बोलस तर बठ्ठा मालेच येडं म्हणतस."

निंबा त्यांच्याकडे बघत राहिला. ते भिरभिरे डोळे, ते मान तिरकी करून ऐकणं. आपण असे दिसतो, हे त्याला चाळिसाव्या वर्षी कळलं. सोळा वर्षं एका बाईनं हा चेहरा ताटापलीकडे पाहिला होता. त्याला लाज वाटली, आणि भीतीही वाटली.

त्यानं एक स्क्रू सोडला, परत आवळला आणि म्हणाला, गेली. आबा गाडीत बसले, ऐकलं, बरं म्हणाले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, थांबली आणि मागे मागे येत परत दुकानासमोर आली.

"अजून शे."

"आबा, ऱ्हाऊ द्या ना," निंबा काकुळतीला येऊन म्हणाला.

"तुनाघाई ऱ्हाऊ देवायनं का?" आबांनी विचारलं. ते टोमणा मारत नव्हते. निंबाला स्वतःला कधी राहू देता आलं का, हे त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मग आबा तसेच निघून गेले.

तो प्रश्न निंबाच्या डोक्यातून जाईना. रविवारी यादवला सांगून त्यानं चाळीसगावची पॅसेंजर धरली, तिथून दुसऱ्या गाडीनं पाचोरा. उन्हं कडक होती. मंजुळाबाई ओसरीवर पापड वाळत घालत होती. आत दोघी पोरी एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. त्यानं घरी चल म्हटलं नाही. ते म्हणायला आता त्याच्याकडे तोंड नव्हतं. तो पायरीवर बसला आणि जे विचारायला आला होता ते विचारलं.

"इतला वरीस मी उठू, पंखा उतारू, पत्रावर चढू. तुले कधीच काही ऐकू ये नही का?"

मंजुळाबाईनं पापड उलटला.

"ये ना. पंखा ऐकू ये, पत्रा ऐकू ये. तुमले ऐकू ये ना, त्याना पह्यले माले ऐकू ये. पन पोरी झोपेल व्हत्यात."

इतकी वर्षं निंबा समजत होता की त्या घरात कान त्याला एकट्यालाच आहेत. ती त्याच्या शेजारी पडून तेच सगळं ऐकत होती, आणि पोरींची झोप मोडू नये म्हणून हलत नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही. बराच वेळ तो पायरीवरून उठलाच नाही. पोरी बाहेर येऊन त्याच्या दोन्ही बाजूंना बसल्या, तरी तो तसाच होता.

मंजुळाबाई पापड घालता घालता मधून मधून त्याच्याकडे बघत होती. सगळे पापड घालून झाल्यावर तिनं हात पुसले.

"दोन्ही पोरीस्ना दाखला काढना पडी, धुळाना शाळामा नाव घालाले," ती म्हणाली आणि तिनं पायरीकडे बोट केलं. "कारकून उद्या येस. तवलगून बठा आठेच."